डाव्या पायाचा गुण

बऱ्हाटे नानांच्या पाठीत मी सात वर्षं लाथ मारली. दर रविवारी सकाळी, अंघोळ करून, डाव्या पायानं, तीन वेळा. ते माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे, कचेरीतले माझे हेडक्लार्क, आणि माणूस म्हणून सज्जन. लाथ मारून झाली की मी वाकून त्यांच्या पाया पडायचो आणि ते पालथे पडल्या पडल्याच म्हणायचे, "औक्षवंत हो, भो. थोडं उतरलं."

जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात त्याला आपल्याकडे पायाळू म्हणतात. पायाळूचा पाय पाठीला लागला की उसण जाते, असं खेड्यापाड्यांत सगळेच मानतात. नानांना उसण नव्हती. नानांना पोट होतं. दिसायला नव्हतं; दिसायला ते काठीसारखे होते आणि धोतर कमरेला कसं टिकतं याचं आम्हाला नवल वाटे. पण नाना ज्याला 'पोट' म्हणत ती वस्तू त्यांच्याबरोबर कचेरीत येई, त्यांच्या शेजारी बसे आणि चारच्या सुमारास बोलू लागे. मग नाना टेबलावर हात ठेवून, डोळे मिटून ऐकत. आम्ही टाइपरायटर थांबवत असू.

"काय म्हणतंय, नाना?" कोणीतरी विचारी.

"आत काय चाललंय ते ज्याचं त्यालाच कळतं, भो," नाना म्हणत आणि तरीही सगळं सांगत. पहाटे साडेचारपासून सांगत. त्यामुळे नानांना "कसं काय?" असं विचारायचं नाही, हे नव्या माणसाला आधीच बजावलेलं असे.

मी रुजू झालो तेव्हा जळगावला आमच्या खात्याची कचेरी एका भाड्याच्या इमारतीत होती. नवा माणूस आला की साहेब त्याचे कागद पाहत आणि नाना त्याची जीभ. माझी पाहून म्हणाले, "पांढरी आहे. रात्री काय खाल्लं?"

"बट्टी."

"किती?"

"पाच."

नानांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी शरमलोच. पुढे कळलं, ती नजर रागाची नव्हती. भुकेल्या माणसाची होती.

जगातल्या सगळ्या गोष्टी त्यांनी दोन भागांत वाटल्या होत्या, हलक्या आणि जड. मूग हलका, हरभरा जड. गिरणेचं पाणी हलकं, स्टेशनामागच्या विहिरीचं जड. नवे साहेब आले तेव्हा नाना दोन दिवस त्यांना न्याहाळत होते आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, "जड आहेत. जपून घ्या." भुसावळची पॅसेंजर हलकी, धुळ्याची एस्टी अतिशय जड.

त्यांच्या टेबलाच्या उजव्या खणावर 'प्रलंबित' अशी चिठ्ठी डकवली होती. त्यात ओव्याची बाटली, हिंगाष्टक, सोडामिंट, हिरड्याची पूड, एरंडेल आणि कोणा साधूनं दिलेलं एक राखाडी चूर्ण असे. एकदा तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यानं तो खण उघडायला लावला. नानांनी शांतपणे उघडला आणि म्हणाले, "साहेब, हे प्रकरण फार जुनं आहे. अजून निकाल नाही." अधिकाऱ्यानं चूर्ण हुंगलं, स्वतःची एक तक्रार सांगितली आणि जाताना अर्धी पुडी घेऊन गेला. शेरा चांगला आला.

डॉक्टरही करून झाले. धुळ्याला एका मोठ्या डॉक्टरनं त्यांना पांढरं काहीतरी पाजून पोटाचा फोटो काढला. त्यात काही निघालं नाही. याचा नानांना मनापासून अपमान वाटला. तो फोटो त्यांनी कचेरीत आणला, खिडकीच्या काचेला लावला आणि आम्हाला एकेकाला बोलावून विचारलं, "दिसतंय काही?"

"नाही, नाना."

"नाही ना? म्हणजे लपून बसलंय. मशीन आलं की लपतं ते. हुशार आहे."

हिवाळ्यात कचेरीची भरीत पार्टी असे. कोणाच्या तरी मळ्यात जायचं, पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या, जाळावर वांगी भाजायची, भरीत-पुरी खाऊन संध्याकाळी परतायचं. नाना आपला मुगाच्या खिचडीचा डबा घेऊन येत. पण भरीत मात्र दुसऱ्या कोणाला करू देत नसत. वांगं कुठल्या कुशीवर वळवायचं, मिरच्या किती भाजायच्या, लाकडी बडगीत ठेचताना हात कुठं थांबवायचा, सगळं त्यांच्या हुकमानं चाले. चव न घेता, नुसत्या वासावरून ते मीठ सांगत, आणि ते चुकत नसे. मग आम्ही जेवायला बसलो की ते समोर उकिडवे बसून प्रत्येकाला विचारत, "तिखट कसं लागतंय? आधी लागतंय की मागून?"

"म्हणजे कसं, नाना?"

"अरे, घास तोंडात टाकल्याबरोबर लागतं, की गिळल्यावर?"

भरलेल्या तोंडानं कोणी काही, कोणी काही सांगे. नाना मान हलवत आणि आपली खिचडी उघडत. हा त्यांचा आणखी एक चाळा, असं आम्ही समजत होतो.

आता माझ्या गुन्ह्याकडे येतो. मला ते टाळता आलं असतं तर हे लिहायलाच बसलो नसतो.

नानांचा असा सिद्धांत होता की पोटातला वात खाली उतरला नाही की पाठीत चढतो आणि तिथं अडकतो. "पाठीत अडकलं म्हणजे ती उसणच झाली ना? मग उसणीचा इलाज करायचा." गंगाराम नावाचा आमचा शिपाई पायाळू होता. तो दर शनिवारी कचेरी सुटल्यावर रेकॉर्डच्या खोलीत नानांना पाय लावी. मी लागलो त्याच वर्षी तो निवृत्त होऊन आपल्या गावी रावेरकडे गेला. पंधरा दिवसांत नाना वाकून चालायला लागले. एका दुपारी त्यांनी टेबलावर कपाळ टेकवलं आणि कोणाकडेही न पाहता विचारलं, "आपल्यात पायानं आलेलं कोणी आहे का रे?"

माझी नोकरी तेव्हा कच्ची होती. दर तीन महिन्यांनी मुदतवाढ मिळायची आणि ती टिपणी नाना लिहायचे. बायकोला सातवा महिना होता. मी उभा राहिलो.

"मी आहे, नाना."

नानांनी डोकं वर केलं. "उलटा आला होतास?"

"हो."

"कोणता पाय आधी?"

याची तयारी मी केली नव्हती. "डावा," मी म्हणालो.

त्यांच्या चेहऱ्यावर असा काही आनंद पसरला की मला तिथंच खरं सांगून टाकावंसं वाटलं. नाही सांगितलं. "डावाच लागतो, भो!" नाना म्हणाले. "गंगारामचा उजवा होता, म्हणून पुरा गुण येत नव्हता."

माझी मुदतवाढ झाली. पुढे नोकरीही पक्की झाली. नाना नियमानं चालणारे होते, कदाचित लाथेवाचूनही झाली असती. पण हे मला कधीच नक्की कळणार नाही, आणि तेच टोचत राहतं.

लाथेसाठी त्यांनी रविवार ठरवला आणि जागा त्यांचं घर. जुन्या गावात दोन खोल्यांत ते एकटे राहत. बायको वारलेली, मूलबाळ नाही. भिंतीवर तिचा एक फोटो, लग्नाच्या वेळचा, मोठ्या कुंकवाचा. पहिल्या रविवारी ते घोंगडी अंथरून पूर्वेकडे डोकं करून पालथे झाले. मी पाय धुतला आणि घाबरत घाबरत त्यांच्या पाठीला टेकवला.

"हे काय? पाठ पुसतो आहेस का? मार."

मी मारली. तिसऱ्या लाथेला नानांनी शंखासारखी ढेकर दिली. शेजारच्या घरात लहान मूल रडायला लागलं.

"उतरलं!" नाना म्हणाले. मग उठून बसले आणि मी चप्पल शोधतो आहे असं पाहून म्हणाले, "चाललास कुठं? पायाळूला पैसे द्यायचे नसतात, जेवू घालायचं असतं. नाहीतर गुण जातो."

आत गेलो तर ताट मांडलेलं. शेवभाजी, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, कांदा, ताक. काळ्या मसाल्याच्या रश्श्यावर तेलाचा तवंग. सगळं त्यांनी स्वतः रांधलेलं. स्वतःसाठी वाटीभर खिचडी. मी पहिला घास घेतला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं, इतकी झणझणीत भाजी. नाना माझ्या तोंडाकडे पाहत होते.

"तिखट कसं लागतंय? आधी की मागून?"

"मागून," मी म्हणालो. का म्हणालो कोण जाणे. तोंड भाजल्यावर माणूस जे सुचेल ते बोलतो. पण नाना एकदम सैल झाले, भिंतीला टेकले आणि म्हणाले, "मग बरोबर."

'मागून' म्हटलं की नाना खूश होतात, हे मला पहिल्याच रविवारी कळलं. त्यानंतर सात वर्षं मी दर रविवारी 'मागून' म्हणत आलो. भाजी बदले, मसाला बदले, माझं उत्तर बदलत नसे. कच्च्या नोकरीची ही सवय पक्की झाल्यावरही गेली नाही.

मग दुष्काळ आला. रेशनवर मिलो नावाची परदेशी लाल ज्वारी मिळू लागली आणि सगळ्या गावाचं पोट एकदम बिघडलं. नानांच्या आयुष्यातला तो मानाचा काळ. जे लोक त्यांना पाहून रस्ता ओलांडत, ते आता घरी येऊन बसत. साहेबांनी त्यांना खुर्ची दिली आणि दार लावून घेतलं. 'प्रलंबित' खण दिवसातून दहा वेळा उघडू लागला. दुष्काळात खूश दिसणं बरं नव्हे म्हणून नाना तोंड पाडून सल्ला देत, पण चालताना त्यांची पाठ ताठ असे. एवढ्या टंचाईतही फैजपूरच्या भावाकडून आलेली थोडी ज्वारी आणि उडीद त्यांनी डब्यात राखून ठेवले होते. ते रविवारसाठी. माझ्यासाठी.

त्याच वर्षी आमच्या शिरपूरकडच्या गावातली विहीर आटली आणि मी आईला जळगावला घेऊन आलो. नानांना हे कळताच त्यांनी फर्मावलं, "रविवारी आक्कांना घेऊन ये. पायाळूची आई आहे ती, तिचे पाय माझ्या घराला लागले पाहिजेत."

मी चार रविवार काही ना काही कारण काढलं. पाचव्या रविवारी नाना स्वतःच टांगा घेऊन दारात उभे राहिले.

आईनं लाथेचा कार्यक्रम तोंडाला पदर लावून पाहिला. तिला वाटलं ही शहरातली काही रीत असेल. मग जेवायला बसलो. एक घास घेऊन तिनं विचारलं, "कोनी रांधं हाई?"

"मी," नाना म्हणाले.

"घरमा बाईमानूस नही?"

"गेली. नऊ वर्षं झाली."

"हात चांगला शे, भाऊ तुमना," आई म्हणाली. नानांनी मान खाली घातली. मग हात जोडून म्हणाले, "आक्का, तुमच्या पोटी पायाळू आला म्हणून मी तगलो. नाहीतर केव्हाच गेलो असतो."

"पायाळू? कोन पायाळू?"

"हा. तुमचा मुलगा."

"हाऊ?" आई हसायलाच लागली. "हाऊ तं डोकाकडतीन उना! इतलं मोठं डोकं, भाऊ, मना जीव जाई राहिंता. पायाळू आमना घरमा एकच व्हतं, म्हैसनं पारडू."

ती बराच वेळ हसत होती. डोक्याकडून जन्मलेला मी भाकरीकडे पाहत होतो. नानांनी उठून तिला ताक वाढलं आणि म्हणाले, "घ्या, आक्का. हलकं आहे." माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

सोमवारी कचेरीत नाना माझ्या टेबलाशी आले. "देवरे, ती मोजणीची फाईल आणा," ते म्हणाले. सात वर्षांत ते मला पहिल्यांदाच 'आणा' म्हणाले होते. मी फाईल दिली. "बसा," म्हणाले. मला बसवेना.

तीन रविवार मी घरी बसलो. पोटाबद्दल नाना कचेरीत एक अक्षर बोलत नव्हते. चार वाजता ते पोटाला हात लावत आणि आम्ही नेहमीसारखे थांबत असू, पण ते पुन्हा कागदात डोकं घालत. ते वाकून चालू लागले होते. खणाची चावी त्यांनी खिशात टाकली होती. दुष्काळात पोट बिघडलेले लोक येत आणि रिकाम्या हातानं परत जात. मला वाटायचं, मी एका माणसाचं औषध खोटं ठरवलं आणि त्याच्याबरोबर त्याचं दुखणंही काढून घेतलं. दुखण्याशिवाय नानांजवळ दुसरं होतं तरी काय?

चौथ्या रविवारी गेलो. दार उघडं होतं, आतून फोडणीचा वास येत होता. मी उंबऱ्याबाहेरच उभा राहिलो.

"नाना, मी खोटं बोललो होतो. नोकरी कच्ची होती."

"हं."

"सात वर्षं खोटं बोललो."

"आत ये. भाकरी गार झाली की जड होते."

आत एक ताट मांडलेलं होतं. मी म्हणालो, "मी कसा जेवू? मी पायाळू नाही."

नाना चुलीपुढेच बसले होते. "पायाळूला जेवू घालायचं असतं असं कोणी सांगितलेलं नाही," ते म्हणाले. "गंगारामला मी कधी चहासुद्धा पाजला नाही. ते मी ठरवलं होतं. मला कोणाला तरी खाऊ घालून विचारायचं होतं."

"काय?"

 त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. मग चुलीकडेच तोंड ठेवून, सरकारी टिपणी वाचून दाखवावी तशा आवाजात सांगितलं. लग्नानंतरचं पहिलं वर्ष त्यांनी बायकोच्या हातचं पोटभर खाल्लं. मग पोट सुरू झालं. त्यांनी तिच्या हाताला दोष दिला. ताट सरकवू लागले. तिनं मिरची सोडली, तेल सोडलं, शेवटी रोज मुगाची खिचडी. एकटीसाठी वेगळी फोडणी तिनं कधी घातली नाही; बारा वर्षं तीही तेच खात राहिली.

"ती गेली, भो. पोट तसंच राहिलं. तेव्हा कळलं, तिच्या हातात काही नव्हतं."

मी फोटोकडे पाहिलं नाही.

"तिची शेवभाजी कशी होती ते आठवत नाही मला. एवढंच आठवतं की तिखट मागून लागायचं. गिळल्यावर, हळूच. तेवढं जमतंय का ते बघत होतो." त्यांनी भाकरी माझ्या ताटात टाकली. "तू म्हणतोस जमतंय. खा."

मी घास घेतला. नाना माझ्या तोंडाकडे पाहत होते, पहिल्या रविवारी पाहत होते तसेच. मला वाटतं त्या क्षणी 'मागून' म्हणणं हे पुण्याचं काम झालं असतं. पण मी कबूल करायला आलो होतो आणि अर्धंच केलं होतं.

"आधी लागतं, नाना," मी म्हणालो. "पहिल्या दिवसापासून आधीच लागत होतं."

 चुलीतलं एक लाकूड सरकलं, ते नानांनी सवयीनं आत ढकललं. मग हात पुढे केला, माझ्याच ताटातला भाकरीचा तुकडा मोडला, रश्श्यात बुडवला आणि तोंडात टाकला. त्यांना ठसका लागला. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. मी ताक पुढे केलं, ते त्यांनी हातानं बाजूला सारलं आणि घास नीट चावून गिळला. मग वाट पाहत बसले. मागून काही येतं का, याची.

"आधीच लागतं," बऱ्याच वेळानं ते म्हणाले. "तू खरं सांगतोस."

आणखी एक तुकडा मोडला, तोही खाल्ला. "मिरची भाजून टाकत असेल का रे ती? मी कधी चुलीपाशी जाऊन पाहिलंच नाही."

 थोड्या वेळात त्यांचा हात पोटाकडे गेला. ते उठले, घोंगडी अंथरली आणि पूर्वेकडे डोकं करून पालथे झाले.

"चल, पाय धू."

"पण नाना, मी तर..."

"धू म्हणतो ना. डावा."

मी पाय धुऊन आलो. मारायचं धैर्य झालं नाही, नुसता त्यांच्या पाठीवर टेकवला. सदऱ्याखाली त्यांच्या बरगड्या लागत होत्या. ढेकर आली नाही. तरी मी पाय लवकर उचलला नाही.